तिसऱ्या माळेचं इंजेक्शन

केवळाबाईच्या टोळीत कामाला जायचं तर दोन गोष्टी सांभाळाव्या लागत. सकाळी ऊन चढायच्या आत बांधावर हजर राहायचं, आणि तिच्यासमोर कुणाच्या घरातलं बाहेर काढायचं नाही. "तोंडाला लई खाज असंल तर हाताला काम द्या," असं म्हणून ती विळा उचलायची आणि सगळ्यांच्या पुढची पात धरून निघायची. भोकरच्या अलीकडं, डांबरी रस्त्यापासून आत, ओढ्याच्या काठाला तिचं गाव. तिथं सोयाबीन काढायचं उक्तं गुत्तं असो की हळदीची खुरपणी, शेतमालक आधी तिच्या दारात यायचे. बाई बोलायला कडक, पण शब्दाची पक्की. येते म्हणाली म्हणजे येणार.

एवढी शब्दाची पक्की बाई एका बाबतीत मात्र सगळ्या गावाशी खोटं बोलत होती.

गावाला तिनं सांगितलं होतं की तिला शुगर आहे. आधी महिन्यातून एकदा आणि अलीकडं दर पंधरवड्याला ती सकाळच्या एसटीनं नांदेडला जायची, ती शुगरसाठी. पिशवीतले गोळ्यांचे डबे, तेही शुगरचेच. या खोट्याची शिक्षा तिला घरातच भोगावी लागत होती. सून दीपमाला निलंग्याकडची, बारावी शिकलेली आणि ऐकलेलं मनावर घेणारी. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं सासूच्या चहात साखरेचा कण पडू दिला नव्हता. सणाला पुरणपोळी केली की अर्धी मोडून ताटात वाढायची. "आत्या, एवढीच घ्या. सनाचं म्हनून देते, न्हाईतर तीबी दिली नसती." पुरणपोळीसाठी जीव टाकणारी केवळाबाई त्या अर्ध्या पोळीवर मुकाट्यानं हात धुऊन उठायची. सांगणार कुणाला?

खरा आजार एचआयव्हीचा होता. नवरा ग्यानोबा बोअरच्या गाडीवर कामाला होता. तेलंगण, कर्नाटक, गाडी जाईल तिकडं महिना महिना असायचा. तो खंगून घरी आला तेव्हा त्यांचा मुलगा आदिनाथ दुसरीत होता. ग्यानोबा काविळीनं गेला असं गावानं मानलं, आणि केवळाबाईनं ते मानू दिलं. मग दवाखान्यात तिचं रक्त तपासलं, पोराचंही तपासलं. पोराचं चांगलं निघालं. त्या दिवशी ती दवाखान्याच्या पायरीवर बसली, माहूरच्या दिशेला तोंड करून रेणुकाईला हात जोडले, आणि पोराला बसस्टँडवर भजी घेऊन दिली. स्वतःच्या रिपोर्टकडं तिनं पुढच्या आठवड्यात लक्ष दिलं.

त्याच वर्षीच्या नवरात्रात एक गोष्ट घडली, ती सांगितल्याशिवाय केवळाबाई कळायची नाही. घरात घट बसवायची वेळ आली तेव्हा भावकीतल्या बायका म्हणाल्या, नवरा गेलेल्या बाईनं घटाला बसू नये. सासू तेव्हा होती. गुडघ्यांनी अधू झालेली, पण जीभ शाबूत. ती म्हणाली, "माझी देवी माझ्या सुनंला वळखते. तुमी आपापल्या घरी दिवा लावा." आणि पत्रावळीवर काळी माती पसरून तिनं धान्याची ओंजळ केवळाबाईच्या हातात दिली. बायका तोंडाला पदर लावून गेल्या. तेव्हापासून घट केवळाबाईचा. तिच्या आयुष्यात तिला कुणी काही दिलं असेल, तर ते हे.

त्या घरची रीत जरा कडक होती. जी घटाला बसली, तिनं नऊ दिवस संध्याकाळी एकदाच फराळ करायचा, पायात चप्पल घालायची नाही, घटापुढचा दिवा अखंड तेवत ठेवायचा, आणि दसऱ्याला शिलंगण होईपर्यंत गावाची शीव ओलांडायची नाही. कामाचं शेत शिवेच्या आत असलं तर जायचं, बाहेर असलं तर सोडून द्यायचं. त्या दिवसांत टोळीसाठी शेत बघताना बायका आधी शीव बघायच्या.

आता गडबड झाली ती इथंच. अगदी सुरुवातीला दवाखान्यात कुणा सिस्टरनं तिला बजावलं होतं की ही गोळी उपाशी पोटी घेऊ नका, मळमळतं. केवळाबाईनं ते डोक्यात पक्कं ठेवलं. उपाशी पोटी घ्यायची नाही म्हणजे नाही. मग नवरात्रात गोळी बंद. एकादशीला बंद. संकष्टीला बंद. देवीचा मंगळवार, श्रावणातले सोमवार, सगळे बंद. उपवास सुटला की गोळी सुरू. देवीचा शब्द पाळला आणि दवाखान्याचाही पाळला, असं तिला वाटायचं. वर्षांमागून वर्षं गेली. पहिल्या गोळ्या लागू पडेनात म्हणून दुसऱ्या दिल्या. दुसऱ्याही लागू पडेनात म्हणून तिसऱ्या मागवल्या. दरवेळी विचारलं की ती छातीवर हात ठेवून सांगायची, "एक दिस चुकवला न्हाई."

मग गेल्या वर्षी जया आली. दवाखान्यातली नवी समुपदेशक, लातूरची, तिशीतली, बडबडी. तिच्या टेबलासमोर बसलं की माणूस आपोआप घरातलं बोलायला लागे. पोळ्याच्या सुमाराला केवळाबाई गोळ्या न्यायला गेली होती. जयानं सहज विचारलं, "मावशी, आता उपवास सुरू होतील. करता का?"

"करते की."

"मग गोळी कशी घेता?"

"उपवासाला गोळी कशी घेनार, ताई? पोटात काई नसतं."

जयानं हातातला पेन खाली ठेवला. "नवरात्रातले नऊ दिवस?"

"नऊबी दिवस."

"आणखी कुठले उपवास करता?"

केवळाबाईनं सगळे सांगितले. सांगताना तिला थोडा अभिमानच वाटत होता. मग जयाचा चेहरा बघून तिचा आवाज बारीक होत गेला.

"मावशी, दोन केळी खाल्ली असती तरी चाललं असतं. पोट रिकामं नको, एवढंच होतं ते."

"दोन केळ्यांनी पोट भरलं असं कोन म्हनंल?" केवळाबाई म्हणाली.

जया रागावली नाही. तिनं समजावून सांगितलं. गोळी अशी मधे मधे चुकली की विषाणू मरत नाही, उलट हुशार होतो. त्या गोळीची त्याला ओळख पटते, आणि मग ती गोळी पुढ्यात आली तरी तो जुमानत नाही. तुमच्या अंगातल्या विषाणूनं एकेक करून जवळजवळ सगळ्याच गोळ्या ओळखून ठेवल्यात.

"म्हंजे आता काई उरलं न्हाई?" केवळाबाईनं विचारलं.

उरलं होतं. मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली एक अभ्यास सुरू व्हायचा होता. गोळ्यांना दाद न देणाऱ्या आजारासाठी अँटिबॉडीचं इंजेक्शन, बाहेरच्या देशातलं, आपल्याकडं अजून सर्रास न मिळणारं. मोजक्याच लोकांना देणार होते. केवळाबाईचं रक्त दोन-तीनदा तपासलं गेलं, सह्या झाल्या, आणि उन्हाळ्यात तिचा नंबर लागला.

"हे गोळीसारखं नाही," जयानं सांगितलं होतं. "तुमच्या आधीच्या गोळ्या विषाणू पेशीत शिरला की आत त्याच्याशी भांडायच्या. हे औषध आधीच जाऊन पेशीच्या दारात बसतं. तो आला तरी आत शिरू देत नाही."

"म्हंजे शिवेवरची मरीआई."

जया हसली. "तसंच समजा. पण सोबत थोड्या गोळ्या आहेतच. आणि त्या केळी खाऊन घ्यायच्या. उपवासालासुद्धा."

"केळी खाते, ताई. राजगिऱ्याचा लाडूबी खाते. आता काई चुकत न्हाई."

पहिल्या दिवशी मोठा डोस दिला, शिरेतून, हळूहळू. सिंधु सिस्टर उशाशी बसून होती, काही त्रास होतो का बघत. त्यानंतर दर पंधरवड्याला बुधवारी. आधी शिरेतून औषध, मग थोडा वेळ बाकावर बसवून ठेवायचे आणि सोडायचे. पोळ्याच्या आत केवळाबाईचे गाल भरून आले. रक्तातल्या विषाणूंचा आकडा खाली आला. एकदम नाही, पण उतरत उतरत. संध्याकाळी पात संपवताना जी धाप लागायची, ती बंद झाली. टोळीतल्या बायका म्हणाल्या, "बाई, ह्या शुगरच्या डाक्टरचा पत्ता आमालाबी सांग." ती म्हणाली, "तुमाला न लागो."

पितृपंधरवड्यातल्या बुधवारी इंजेक्शन झालं आणि सिंधु सिस्टरनं पुढची तारीख सांगितली. केवळाबाई बाकावर बसून बोटं मोजायला लागली. घट सोमवारी बसणार. मंगळवारी दुसरी माळ. बुधवारी तिसरी.

ती उठून जयाकडं गेली. "ताई, पुढची सुई दसऱ्यानंतर दिली तर?"

"कधी दसरा? छे, मावशी. तीन दिवसांच्या वर उशीर झाला की पुन्हा पहिल्यासारखा मोठा डोस द्यावा लागतो. तेवढ्या बाटल्या आपल्याकडं नाहीत. आणि मधल्या काळात दार उघडं राहतं ना."

"मग आधी द्या."

"आजच दिलंय की."

"मग गावात येऊन द्या. घरी."

"मी तर येईन. पण औषध फ्रिजमधलं, डॉक्टर सोबत लागतात, दवाखान्याची गाडी तुमच्या दारात उभी राहील. चालेल का?"

केवळाबाईनं नुसती मान हलवली. गाडी दारात आली की संध्याकाळपर्यंत गाव शहाणं झालं असतं.

"पण अडचण काय आहे?" जयानं विचारलं. केवळाबाईनं शिवेची रीत सांगितली. जया म्हणाली नाही की सोडा हे सगळं. ती म्हणाली, "तुमच्या घरात यातून वाट काढणारं कुणीतरी मोठं असेल. विचारून बघा. पण बुधवारी या, मावशी."

परतीच्या एसटीत केवळाबाई खिडकीपाशी बसून विचार करत राहिली. गुपचूप शीव ओलांडून जाता आलं असतं. बघायला कोण येणार होतं? पण गावाशी खोटं बोलणं वेगळं. घटाला बसून, दिव्यासमोर हात जोडून, त्याच पायांनी रीत मोडायची आणि संध्याकाळी परत येऊन आरती करायची, हे तिच्यानं होणार नव्हतं. घटच बसवायचा नाही, तर ज्या सासूनं भावकीशी भांडून ओंजळ भरली, तिला काय सांगायचं? आणि सुई सोडली, तर ती जीवच सोडल्यासारखी. आकडा उतरलेला तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. एकदा देवीपायी गोळ्या सोडल्या, त्या न कळून. आता कळून सोडायचं?

दुसऱ्या दिवशी ती रुक्मिणबाईकडं गेली. ही चुलत सासू, भावकीत सगळ्यांत जुनी. रीतीभाती तिला तोंडपाठ, आणि टोमणेही. ती ओट्यावर लसूण निवडत बसली होती.

"आत्याबाई, समजा घटाला बसलेल्या बाईला शिवंबाहेर जावंच लागलं तर?"

"कामून जावं लागंल? भाऊ मेला का?"

"न्हाई. समजा दवाखाना."

रुक्मिणबाईनं लसणाची पाकळी सोलून सुपात टाकली. "शुगरसाठी देवीला सोडायलीस काय गं?"

"समजा म्हनलं मी."

"बसून उठायचं न्हाई. बसायच्या आधी सोडायचा असंल तर सुनंच्या हाती द्यायचा. अन् एकदा दिला की दिला. तो मागं घेता येत न्हाई. माझ्या सासूनं मला दिला, तो पार मरायला टेकून तिची बाज बाहेर काढल्यावर." मग तिनं केवळाबाईकडं नीट बघितलं. "तू तर धडधाकट हायस. हात-पाय चालू असताना घट कोन देतं? लोक काय म्हनतील? तुझ्या सासूनं किती भांडण केलं व्हतं, मी व्हते तिथं."

"हाव," केवळाबाई म्हणाली. "मी पन व्हते."

वाट होती, पण ती अशी. ज्या जागेवर बसायचा हक्क तिला एवढ्या झगड्यानं मिळाला, ती जागा उठून द्यायची, कायमची. आणि सुनेला का द्यायची ते सांगायचं. धडधाकट सासू घट देते म्हटल्यावर दीपमाला विचारल्याशिवाय राहणार नव्हती. खोटं कारण सांगून देवीचा घट देणं तिला पटेना.

तिनं आदिनाथला फोन लावला. तो चाकणला कंपनीत होता, सणासुदीला यायचा. त्याला लहानपणापासून माहीत होतं. ते सगळं ऐकून तो म्हणाला, "आई, घट राहू दे यंदा. अन् तिला सांगू नकोस. ती पोरीला घेऊन माहेरी निघून जाईल. मग काय करशील?"

"तू सांगितलं न्हाईस तिला, लग्नाच्या आधीबी."

"तूच नको म्हणाली होतीस."

ते खरं होतं. केवळाबाईनं फोन ठेवला.

सर्वपित्री अमावस्येला नैवेद्य झाला, कावळ्याला घास टाकला, जेवणं आटोपली. करिश्मा, चार वर्षांची नात, पंख्याखाली झोपली. दीपमाला भांडी घासायला बसली. केवळाबाई तिच्या शेजारी पाट घेऊन बसली आणि घासलेली भांडी धुऊ लागली. हातात काम असलं की तिला बोलायला सोपं जायचं.

"दीपमाला, उद्याचा घट तू बसव."

"मी? अन् तुमी, आत्या?"

"मला बुधवारी नांदेडला जावंच लागतंय. शीव वलांडावी लागंल."

"शुगरचं पुढं ढकला की. मी बोलू का दवाखान्यात?"

"मला शुगर न्हाई," केवळाबाई म्हणाली. पातेलं धुऊन पालथं घातलं. आणि मग सांगितलं. ग्यानोबाचं सांगितलं, रिपोर्टचं सांगितलं, उपवासाला सोडलेल्या गोळ्यांचं सांगितलं, दारात बसणाऱ्या औषधाचं सांगितलं. आजाराचं नाव तिनं एकदाच घेतलं.

दीपमालाच्या हातातली राख तशीच राहिली. पहिल्यांदा तिनं वळून पंख्याखाली झोपलेल्या पोरीकडं बघितलं.

"तिला काई न्हाई," केवळाबाई घाईनं म्हणाली. "तुला न्हाई, आदिनाथलाबी न्हाई. एका ताटात जेवल्यानं, लेकराला मांडीवर घेतल्यानं व्हत न्हाई हे. तुला वाटलं तर जयाताईंशी बोल. नंबर देते."

"यांला ठाव हाय?"

"हाव. मीच बोलू नको म्हनले व्हते. त्याच्यावर चिडू नको."

दीपमालानं कढई घासली. पुन्हा तीच कढई घासली. मग म्हणाली, "म्हंजे साखर चालते तुमाला."

"चालते."

"अन् मी शिऱ्याची वाटी तुमच्या हातातून वढून घेतली व्हती. माझ्या आईसमोर."

"घेतली व्हतीस."

दीपमालाच्या ओठांच्या कडा हलल्या. हसू होतं की रडू, केवळाबाईला कळलं नाही. बहुधा तिलाही कळलं नसावं. ती हात धुऊन उठली, करिश्माला उचललं आणि आतल्या खोलीत गेली. दार लावलं नाही, पण लोटून घेतलं.

केवळाबाई उरलेली भांडी धुऊन फळीवर मांडत बसली. आतून फोनवर बोलण्याचा आवाज येत होता, हळू, बराच वेळ. नवऱ्याशी बोलते की माहेरी, हे ऐकायला ती दाराशी गेली नाही. जे सांगायचं ते सांगून झालं होतं. तिनं ओढ्याकाठची काळी माती चाळून परातीत काढून ठेवली, पाच धान्यं वेगळी केली, कलशाला चिंच लावून तो लख्ख केला. घटाला कोण बसणार ते ठाऊक नव्हतं. पण घट बसणार होता.

सकाळी ती अंघोळ करून आली तर दीपमाला देव्हाऱ्यासमोर उभी. ओले केस, लग्नातली हिरवी साडी. डोळे सुजलेले होते.

"आत्या, मला सगळं येत न्हाई. माती किती जाड टाकायची?"

"बोटभर," केवळाबाई म्हणाली.

पत्रावळीवर माती पसरून झाली. केवळाबाईनं धान्याची ओंजळ भरली. तिच्या सासूनं भरली होती तशीच, पार काठोकाठ. मग तिनं ती दीपमालाच्या हातात रिकामी केली, आणि पाटावरून उठून मागं जाऊन बसली. मागून देवीचा मुखवटा तिला पहिल्यांदाच दीपमालाच्या खांद्यावरून दिसत होता.

हळदी-कुंकवाला रुक्मिणबाई आलीच. दारातूनच म्हणाली, "बाई बाई, सून पाटावर अन् सासू कोपऱ्यात. तू जित्ती हायस न्हवं, केवळा?"

केवळाबाई बोलायच्या आत दीपमाला म्हणाली, "मीच मागून घेतला, आजी. मला नवस हाय."

"कसला गं नवस?"

"नवस सांगत्यात व्हय?"

पोराचा नवस असणार असं मनात धरून रुक्मिणबाईनं दीपमालाच्या पोटाकडं एकदा बघून घेतलं आणि खुशीत घरी गेली. ती गेल्यावर केवळाबाई हळूच म्हणाली, "देवीच्या म्होरं खोटं कामून बोललीस?"

"खोटं कुठं? माती टाकतानाच बोलले मी नवस."

केवळाबाईनं विचारलं नाही. नवस विचारत नसतात.

बुधवारी, तिसऱ्या माळेला, ती पहाटेच आवरून निघाली. घटाला ती बसली नव्हती, तरी चप्पल घालायला तिचं मन घेईना. ओढा उतरून शिवेपाशी आली. तिथं लिंबाखाली मरीआईचा शेंदूर लावलेला दगड आहे. एरवी नवरात्रात ती इथपर्यंत यायची आणि माघारी फिरायची. आज उभी राहिली, हात जोडले, काही मागितलं नाही. मग पलीकडं पाऊल टाकलं. खडी पायाला टोचत होती, आणि डांबरी रस्त्यावरून एसटीचा हॉर्न ऐकू येत होता. ती पदर खोचून भरभर चालायला लागली.

दवाखान्यात सिंधु सिस्टरनं तिचे पाय बघितले. "अनवाणी? आणि उपवास पण असेल."

"केळी खाल्लीत, गोळ्याबी घेतल्यात. जयाताईंना सांगा."

"सांगते. मूठ घट्ट करा." सुई गेली. औषध शिरेत उतरताना हाताला गारवा वाटला. केवळाबाई छताकडं बघत होती. या वेळेला घरी तिसरी माळ बांधायला घेतली असेल. झेंडू दोऱ्यात घालताना देठाशी गाठ मारावी लागते, नाहीतर माळ संध्याकाळपर्यंत सुटते. हे आपण सुनेला सांगितलं का नाही, ते तिला आठवेना.

जया आली, बाकावर शेजारी बसली. "मला फोन आला होता, मावशी. सोमवारी. तुमच्या सुनेचा."

"काय म्हनली?"

"खूप प्रश्न विचारले. चांगले प्रश्न होते. म्हणाली, पुढच्या वेळेला मी येते सोबत, मला बघायचंय काय देतात ते." जयानं तपासणीला काढलेल्या रक्ताची बाटली सिस्टरकडं दिली. "रिपोर्ट आला की कळवते. आकडा उतरता राहिला पाहिजे, एवढं आपण बघायचं. पूर्ण बरं होणार असं मी म्हणत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"ठाव हाय. दारातला बसून ऱ्हावा, एवढंच."

घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. पाय धुऊन ती आत आली. माळ जागेवर होती, जरा आखूड आणि एका बाजूला कललेली. दोन फुलं निसटून मातीवर पडली होती, जिथं गव्हाचे मोड आताशा डोकं वर काढत होते. केवळाबाईचा हात पुढं झाला, आणि मग तिनं तो मांडीवर ठेवला. माळ तिची नव्हती. सांगायचं तर उद्या सकाळी सांगू, आरतीच्या वेळी नको.

करिश्मानं घंटी वाजवली. आरती झाली. इतकी वर्षं केवळाबाई ताट घेऊन फिरायची, आणि घरातली, शेजारची माणसं पुढं होऊन हात धरायची. आज दीपमाला पाटावरून उठली, ताट घेऊन थेट कोपऱ्यात आली आणि सासूसमोर वाकली.

"घ्या, आत्या. तुमचा मान पहिला."

केवळाबाईनं दोन्ही तळहात ज्योतीवर धरले, डोळ्यांना लावले, मग डाव्या हातावरच्या कापसाच्या पट्टीलाही लावले. दीपमाला ते बघत थांबली होती. घाई नव्हती तिला. दिवा सांभाळत ती तशीच वाकून उभी राहिली, केवळाबाईचे हात खाली येईपर्यंत.